आधी डबा दाखव!

तीन आठवड्यांपूर्वी शाळेची प्रार्थना संपता संपता मंजुळामावशींच्या सुनेचा फोन आला. “सर, आई आज उठल्याच नाहीत...” मधल्या सुट्टीत जेवण उरकले आणि मुले नेहमीसारखी रिकामे डबे उंचावत फाटकाकडे सुसाट सुटली. त्यांना अजून कळायचे होते.

अर्नाळ्याच्या रस्त्यावरील आमच्या शाळेबाहेर, भेंडीच्या डेरेदार झाडाखाली मावशी टोपली घेऊन बसत. घरी उन्हात वाळवलेली राजेळी केळ्यांची सुकेळी, उकडलेल्या शेंगा, रताळी. गिऱ्हाईक कोणीही असो, नियम एकच : “आधी डबा दाखव!” डब्यात भाकरी दिसली की, “जा, संपवून ये. आई पहाटे उठली ती कुत्र्यासाठी काय?” मग काय ती धावपळ! कारल्याची भाजीसुद्धा दोन घासांत गडप करून, डबा बोटाने पुसून मुले पुन्हा रांगेत हजर! तेव्हा नव्याने मुख्याध्यापक झालेल्या मला मात्र फाटकावरची गर्दी तेवढी दिसली.

कोणालाही न विचारता मी फाटकावर सहीचा कागद लावून बाहेरची विक्री बंद केली. सगळ्या हातगाड्यांबरोबर मावशीही उठल्या. “वरून आदेश आहे,” मी त्यांना म्हणालो. ते खोटे होते. समोरच्या दुकानातल्या चटकदार पाकिटांच्या माळांना माझा कागद लागू नव्हता; सारी शाळा तिकडे वळली. थोड्याच दिवसांत नळापाशी पोळ्या पडलेल्या दिसू लागल्या. एका आईने भरलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला. “सर, याला आता भूकच नसते हो. शाळेत खातो तरी काय हा?” उत्तर मला ठाऊक होते.

त्या रविवारी मी मावशींच्या अंगणात उभा राहिलो. त्या केळी सोलत होत्या.

“मावशी, आदेश माझाच होता. मी खोटं बोललो.”

“ठाऊक हाय. नातवानं सही वाचून दाखवली तुमची. बसा, पानी घ्या आधी.” मग हसू दाबत म्हणाल्या, “येईन मी. पन उद्यापासून तुमचा डबा पन बघनार!”

दुसऱ्या दिवशी टोपली दिसताच मुलांनी केलेला जल्लोष आजही माझ्या कानांत आहे. मीही रांगेत उभा राहिलो. माझ्या डब्यात गवार उरली होती. “जा सर, संपवून या!” सगळी शाळा खदखदून हसली आणि मी व्हरांड्यात उभ्याने, कान लाल झालेले असताना, ती गवार अतिशय आनंदाने खाल्ली. क्षमा इतकी चविष्ट असते, हे मला पन्नाशीनंतर कळले. दुकानातली पाकिटे आजही लटकतात. पण मुले तिकडे पोचतात ती जेवून.

आता टोपली सून आणते. ती स्वभावाने भिडस्त. डबा दाखव म्हणायला लाजते. काल मी सुकेळी घ्यायला हात पुढे केला, तोच चौथीतली एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून आडवी आली.

“सर, आधी डबा!”

दोडक्याची भाजी उरली होती. मी निमूटपणे मागे फिरलो.