आमचा अण्णा आणि या गावचे अण्णा

आई, मिरज स्टेशनवर गाडी सुटायला पाचेक मिनिटं होती आणि तुझं चालूच होतं. माझी जड बॅग अण्णाच्या खांद्यावर, चकलीचा डबा अण्णाच्या हातात, मी नुसती पर्स घेऊन मिरवत उभी. मला बेंगळुरूला न्यायला तो तिथल्या पीण्या भागातल्या कारखान्यातून रजा काढून आला होता आणि तू त्यालाच म्हणत होतीस, "हिच्याकडे बघून शीक जरा. धाकटी असून इंजिनिअर झाली. तू बस लेथवर लोखंड कापत." तो हसला. मीही हसले. खरं सांगते, मला तेव्हा गोड वाटलं होतं.

तुझी ही सवय जुनीच. माझे मार्क आले की त्याला भरल्या ताटावर ऐकवायचीस. त्याच अण्णानं मला इथं पहिले चार महिने राजाजीनगरच्या आपल्या एका खोलीत ठेवून घेतलं. स्वतः दाराशी झोपायचा, सकाळी ऑफिसच्या बसपर्यंत सोडायला यायचा. रिक्षावाल्यांशी, दुकानदारांशी कसं बोलायचं तेही त्यानंच शिकवलं. "इथं कुणालाही अण्णा म्हण, काम होतं बघ." मला हसूच आलं. आपल्या घरी अण्णा एकच, माझा थोरला भाऊ.

आता मी जयनगरात राहते. आमच्या सोसायटीत सात-आठ मराठी बायका, बहुतेक पुण्या-मुंबईच्या. कुणाचा भाऊ अमेरिकेत, कुणाचा जर्मनीत. भेटलो की आधी तेच. वरवर मी "अय्या, मस्त!" म्हणते आणि आतल्या आत बघत बसते, आपला नंबर कितवा. तुझ्या घरात मी पहिली होते गं. इथं शेवटून पहिली.

गेल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. सगळ्या जमल्या होत्या आणि अण्णा आला. बाल्कनीचा सरकता दरवाजा अडकतो, असं मीच त्याला कधीतरी बोलले होते. बिचाऱ्यानं त्याची चाकं स्वतः लेथवर करून आणली होती. शिफ्ट संपवून थेट आलेला, शर्टावर ऑइलचे डाग. शेजारच्या मानसीनं विचारलं, "हे कोण गं?"

मी म्हणाले, "अण्णा."

खोटं कुठं बोलले? पण या गावात तो शब्द कसा ऐकला जातो ते मला पक्कं ठाऊक होतं. मानसी लगेच म्हणाली, "ए, नंबर दे ना यांचा, आमचाही दरवाजा अडकतो." भाऊ आहे माझा, एवढंच तर म्हणायचं होतं. मी नुसती मान हलवली. दरवाजाशी वाकलेल्या अण्णानं एकदा वळून माझ्याकडे बघितलं आणि तिला म्हणाला, "सरी, मॅडम." कानडीत 'बरं', मराठी येतच नसल्यासारखा! माझी लाज त्यानं झाकली, आई. आणि मी काय केलं? जाताना तिळगूळ त्याच्या हातावर ठेवला, तोही कागदाच्या पुडीत, कामाला येणाऱ्यांना देतो तसा. पुढच्या रविवारी तो खरंच मानसीचा दरवाजा नीट करून गेला. वर माझ्याकडे आला नाही.

भाऊबीजेला ये म्हणून मी दहादा फोन केला. आला. आमच्याकडे फाटकावर कोण आलंय ते मोबाइलवर दिसतं: पाहुणा, डिलिव्हरी नाहीतर सर्व्हिस. वॉचमन विचारतो आणि आलेला माणूस सांगेल ते भरतो. मी ओवाळणीचं ताट लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. अण्णाचं नाव आणि पुढं 'सर्व्हिस'.

मी त्याला ओवाळलं. तो नेहमीसारखा हसला, दोन करंज्या खाल्ल्या, दरवाजा एकदा सरकवून बघितला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "यात स्वल्प तेल सोडत जा गं."

तू फोनवर कौतुकानं विचारतेस, नव्या घरात रुळलीस ना? आई, या गावात मला घर होतं ते त्या एका खोलीत. जिथं माझ्या भावाला साधं पाहुणा म्हणवून घेता येत नाही, त्याला घर कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि एक ऐक. दर वेळी त्याला म्हणतेस ना, हिच्याकडे बघून शीक? आता नको म्हणूस. शिकलाय तो.