देठ धरेपर्यंत

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधी माझा उजवा हात मशिनीत गेला. हाडं वाचली, पण हाताच्या वरच्या बाजूचं कातडं पार सोलून निघालं. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं माझ्या पोटाचं कातडं तीन बाजूंनी सोडवलं, हातावर बसवलं आन हात पोटालाच शिवून टाकला. तीन आठवडे तसाच ठेवायचा, म्हणाले.

पोट आन हात जोडणाऱ्या त्या पट्टीला ते पेडिकल म्हणायचे. मी चौथी नापास, मला काय कळतंय! मग त्यांनी विचारलं, "घरी भोपळ्याचा वेल आहे का?"

"हाय की, छपरावर."

"भोपळा छपरावर टेकतो, पण जगतो कशावर? देठावर. हे कातडं हातावर टेकवलंय, रक्त मात्र अजून पोटातून येतंय. हाताचं रक्त त्यात फिरायला लागलं की आम्ही देठ कापू. त्याआधी ओढलात तर सगळं वाळून जाईल."

हे मला कळलं. बायकोला जास्तच कळलं. आमची मुलगी आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. वार्डात लेकरू आणायचं न्हाई म्हणून ती गावाकडं माझ्या आईपाशी होती. बायको मला घास भरवायची आन मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. चोळी ओली घेऊन परत यायची. मी भिंतीकडं तोंड करायचो. रोज डॉक्टरला तिचा एकच सवाल, "साहेब, देठ कवा तुटंल?"

शेजारच्या खाटेवरला म्हातारा हसायचा, "वैनी, भोपळा तर पिकू द्या!"

हात हलू नये म्हणून कमरेभवती रुंद पट्टा बांधलेला होता. त्याच्याखाली लय खाजायचं. एक दिवस मी हट्टाला पेटलो.

"ढिला कर."

"डॉक्टर नगं म्हनलेत."

"हात डॉक्टरचा हाय का माझा?"

तिनं पट्टा सोडला. तेवढ्यात आमच्या वस्तीतले एक वडीलधारे भेटायला आले, दारातूनच म्हणाले, "जय भीम!"

माझ्या बापानं अर्धी जिंदगी वाकून जोहार घातला होता. दीक्षा घेतली तवापासून त्यानं आमाला शिकवलं होतं, ताठ उभं राहायचं, दोन्ही हात जोडायचे. एका हाताचा जय भीम मी कुणाला घातला न्हाई. तसाच उठलो, हात जोडायला गेलो आन टाके तटातटा तुटले. चादर लाल झाली.

नर्स बायकोवर धावली, "पट्टा कोणी सोडला?"

"म्या सोडायला लावला, तिला बोलू नका," मी म्हणालो. खरं बोललो, पण त्यानं काय होणार? डॉक्टरनं परत शिवलं. जेवढं जगलं होतं तेवढं वाचलं, हेच नशीब. आता तीन आठवडे पहिल्यापासून मोजा, म्हणाले. पाहुणे डोक्याला हात लावून बसले. "आरं, नुस्ती मान हलवली असती तरी पावला असता की जय भीम!"

बायकोनं त्या दिवशी डॉक्टरला काही विचारलं न्हाई. पुढं तर विचारायचंच सोडलं. मोरीतल्या फेऱ्याही कमी झाल्या, मग बंद. त्याचा अर्थ मला समजत होता.

शेवटी कातड्यानं हात धरला, डॉक्टरनं देठ कापला. आमी देवगाव फाट्यावर उतरून पायी घरी गेलो. आई दारातच मुलीला कडेवर घेऊन उभी होती. बायकोनं दोन्ही हात पुढं केले. मुलीनं तिच्याकडं टक लावून पाहिलं आन माझ्या आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली.

"दोन दिसात वळखंल," आई म्हणाली.

"वळखंल की, आत्याबाई," बायको म्हणाली, "पर आता तिला पाजू काय?"

आईनं मुलीला शेळीचं दूध वाटी-चमच्यानं पाजलं. बायको समोर बसून बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हात दुखतोय का?"

"न्हाई," मी म्हणालो.