पितृपक्षात फुललेला झेंडू आणि माझा ब्लॉग

पुस्तक छापून आलं तेव्हा मला वाटलं होतं, आता वाचक येतील. प्रकाशनाला माणसं बरीच आली, पण बटाटेवडे संपले तशी पांगली. उरलेल्या प्रती खोक्यांसकट आमच्या दिवाणाखाली गेल्या. आमची ही रोज केर काढताना झाडू त्या खोक्यांवर आपटायची आणि म्हणायची, "अहो, तुमचे वाचक जरा सरकवा."

पुस्तक आमच्या मळ्याच्या आठवणींचं होतं. मखमलाबादच्या पुढे आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे फुलं होतात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मळा माझा थोरला भाऊ पाहतो. मी जन्मभर नाशकात सरकारी कचेरीत फायली हलवल्या आणि शनिवार-रविवारी मळ्यावर जाऊन फुलं तोडली. दादा म्हणायचा, "सायेब आले, आता फुलं सही घेतल्याशिवाय तुटायची नाय."

ब्लॉगची कल्पना सूनबाईची. ती घरून केक करून विकते आणि फोनवर त्यांचं एक पान चालवते. एका दुपारी तिने मला ब्लॉग उघडून दिला. मी ताबडतोब पहिला लेख लिहिला. नाव दिलं 'स्मृतींच्या गंधकोषी'. त्यात पहाट होती, दवबिंदू होते, आणि मळा जवळजवळ नव्हताच. तो तिघांनी वाचला. एक सूनबाई, दुसरी आमची ही, तीही मी समोर बसलो होतो म्हणून, आणि तिसऱ्या गृहस्थांनी खाली लिहिलं होतं की तुम्हाला कर्ज हवं असेल तर संपर्क साधा.

"बाबा, हे कोणासाठी लिहिलंय?" सूनबाईने विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? मराठी वाचणाऱ्या सगळ्यांसाठी."

"मी सगळ्यांसाठी केक करायला गेले तर तो विना अंड्याचा, विना साखरेचा, विना मैद्याचा करावा लागेल. मग डब्यात काय उरेल? पुस्तक वाचून तुम्हाला कोणाचा फोन आला होता का?"

एक आला होता. चिंचवडला राहणाऱ्या एका बाईंचा. त्यांचं माहेर दिंडोरी रोडला आणि माहेरी फुलांचा मळा. झेंडू तोडून बोटं काळी पडतात आणि मग भाकरीलाही त्याचाच वास येतो, एवढ्या एका ओळीसाठी त्यांनी मला फोन केला होता. म्हणाल्या, "काका, माझ्या सासरी हे कोणाला सांगून पटतच नाही."

"मग त्यांच्यासाठी लिहा," सूनबाई म्हणाली. "त्या समोर बसल्यात असं समजा."

तेव्हापासून मी त्या एका बाईंसाठी लिहू लागलो. माझ्या लेखणीतले दवबिंदू आपोआप आटले, कारण मळ्यात वाढलेल्या मुलीला दव म्हणजे ओलं लुगडं आणि खाज हे ठाऊक असतं. मी पहाटे उठून लेख टाकत असे. सूनबाईने लक्षात आणून दिलं की पहाटे त्या बाई डबे भरत असतील. मग मी दुपारी, जेवणं आवरल्यावर टाकू लागलो. नावंही बदलली. 'गंधकोषी'च्या जागी 'दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू ओला का करत नाहीत' असं लिहिलं, तर ते नाव शोधतसुद्धा माणसं यायला लागली. लेखाच्या शेवटी एकच ओळ, की असं आणखी पुस्तकात आहे आणि ते अमुक ठिकाणी मिळेल. आणि कोणी खाली दोन शब्द लिहिले की त्याला उत्तर द्यायचंच, हा सूनबाईचा दंडक. "गिऱ्हाईक दारात उभं असताना आपण आत जाऊन बसतो का?" असं ती म्हणायची.

त्या बाईंसारख्या कितीतरी जणी निघाल्या. पुण्यात, सुरतेला, दुबईत. माहेरी फुलं होती आणि आता बाल्कनीत एक तुळस आहे, अशा. त्यांचे भाऊही आले. एकीने विचारलं, तुमच्याकडे शेवंतीच्या पाट्या गोणपाटाने झाकत की केळीच्या पानाने? त्यावर दोन दिवस भांडण चाललं. मी मजेत होतो. दिवाणाखालची खोकी कमी होत गेली आणि आमच्या हीचा झाडू पार भिंतीपर्यंत जाऊ लागला.

इथपर्यंत सगळं खरं आहे. पुढचं नीट सांगायला मला इतका वेळ लागला.

मागच्या खेपेला अधिक महिना आला, त्या वर्षी दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो घरात खाटेवर होता आणि मळा माझ्यावर आला होता. झेंडू दसऱ्याला फुलायला हवा तर रोपं साधारण दोन महिने आधी शेतात जायला हवीत. ही तारीख धरणं हेच आमच्याकडचं खरं काम. दादाने खाटेवरून सांगितलं होतं, "यंदा अधिक हाय, ध्यानात ठेव." मी मान डोलावली आणि फायलीत बघावं तसं मागच्या वर्षीच्या तारखेवर बोट ठेवून रोपं लावून मोकळा झालो. अधिक महिन्यामुळे दसरा जवळजवळ तीन आठवडे पुढे गेला होता. झेंडू बिचारा माझ्या तारखेवर हजर झाला. सगळा मळा केशरी झाला, तो भर पितृपक्षात. ना वास्तुशांत, ना दुकानाचं उद्घाटन, ना कोणी नवी गाडी घेतंय. फूलबाजारात आमच्या पाट्यांकडे माणसं बघत आणि हळहळून पुढे जात. दसऱ्याला झाडांवर उरली ती सुपारीएवढी फुलं.

दादा मला एका शब्दाने बोलला नाही. गावात मात्र त्याने सांगितलं की रोपंच लवकरच्या वाणाची निघाली.

हाच प्रसंग मी गेल्या दिवाळीनंतर ब्लॉगवर लिहिला. आधी खरा लिहिला. मग वाचून पाहिला आणि वाटलं, चिंचवडच्या बाई काय म्हणतील? त्यांच्या लेखी मी मळ्यातला जाणता काका. वाचकाशी गट्टी जमली की त्याच्यासमोर बरं दिसायचा मोह होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी दोन माणसांच्या जागा बदलल्या. तारीख चुकवणारा दादा झाला आणि 'अरे दादा, यंदा अधिक आहे!' असं उशिरा ओरडणारा मी. गंमत अशी की गोष्ट त्यामुळे जास्त रंगली. उभा जन्म फुलांत काढलेला माणूस पितृपक्षात झेंडू फुलवतो, हे लोकांना फार आवडलं. माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तोच. आमच्या हीने वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा कॅलेंडर तर तुमच्या हातात होतं," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, ललित लेखनात थोडं इकडेतिकडे चालतं.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. आषाढ लागल्यावर एका रविवारी मी मळ्यावर गेलो. दरवर्षी या दिवसांत दादाच्या ओट्यावर आजूबाजूचे फुलवाले जमतात. झेंडूचं बी कधी टाकायचं, रोपं कधी लावायची, हे त्याला विचारतात, चहा पितात, राजकारण बोलतात. दादाला हे दिवस दिवाळीसारखे. आठ दिवस आधीपासून तो ओट्यावर घोंगडी टाकून बसतो. त्या रविवारी घोंगडी होती, दादा होता, बाकी ओटा रिकामा.

"माणसं कुठे गेली?" मी विचारलं.

"यंदा कोणी येत नाय," दादा म्हणाला. "बरंच हाय. चहाची साखर वाचली."

मी ओट्यावर टेकलो. तोच म्हणाला, "तुझा तो ब्लॉक नातीनं वाचून दाखवला. लय हसलो. मी असा धोतर सावरत पळालो म्हणे मळ्यात. मी तर खाटेवर होतो रे! ऑपरेशन झालेल्या पायानं पळालो का?"

"दादा, ते जरा..."

"आपली फुलं विकतो त्या आडत्यानं पण वाचलं. परवा बाजारात सगळ्यांदेखत म्हणला, 'काय अण्णा, यंदा दसरा कधी धरला? पोळ्याला?' लय हशा झाला." दादाही हसला, पण घोंगडीची घडी नीट करत राहिला. "अधिक महिन्यात म्हाताऱ्याचं डोकं चालत नाय, असं झालंय आता. पोरं फोनमध्ये बघून लावतील. चहा घे."

चहा गोड होता. तरी मी अर्धाच पिऊन ग्लास खाली ठेवला.

घरी आलो आणि सूनबाईला सगळं सांगितलं. तिने तो जुना लेख फोनवर उघडला. मग म्हणाली, "बाबा, जुना लेख आतल्या आत दुरुस्त करता येतो. कोणाला कळणारही नाही."

"ज्यांनी वाचलाय ते परत कशाला वाचतील? त्यांच्या डोक्यात दादाच पळत राहील."

"मग नवीन लिहा. पण तुमच्या वाचक थोड्या नाराज होतील हं. पुस्तकातलं बाकीचं तरी खरं आहे का, असं विचारतील."

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "विचारू देत. विचारलं तर सांगता येईल."

लेख लिहायला मला फार वेळ लागला नाही. नाव दिलं 'पितृपक्षात झेंडू मी फुलवला'. पहिल्याच वाक्यात तारीख कोणी चुकवली ते लिहिलं, कारण फोनवर माणसं दोन ओळी वाचतात आणि पुढे जातात. खाटेवरून दादा काय म्हणाला होता, मला झाकायला त्याने गावात रोपांच्या वाणाचं कसं सांगितलं, तेही लिहिलं. जुना लेख काढला नाही, त्याच्या डोक्यावर पाटी लावली की ही गोष्ट उलटी आहे, सुलटी इथे वाचा. दुपारी जेवणं आवरल्यावर नवा लेख टाकला आणि फोन हातात धरून बसून राहिलो.

चिंचवडच्या बाईंनी लिहिलं, "काका, माझे वडील पण असंच आईचं नाव पुढे करायचे." दुबईहून एकीने रडका चेहरा पाठवला, मग हसरा. सुरतेच्या एका बाई मात्र रागावल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांचा राग बरोबर होता.

पण रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की हा लेख ज्यांनी वाचायला हवा, ते वाचणारच नाहीत. या खेपेला माझे वाचक म्हणजे दादाच्या ओट्यावरचे सात-आठ फुलवाले. ते ब्लॉग उघडत नाहीत. जुना लेखही त्यांच्यापर्यंत आडत्याच्या तोंडून गेला होता. मग ते वाचतात काय? सूनबाईने जन्मभराची शिकवण दिली होती, वाचक समोर बसलाय असं समजा. मी समजलो. सकाळी पाट्या उतरवून झाल्यात, चहाचा ग्लास हातात आहे, आणि फोनवर तो एकच गोष्ट बघतो: आडत्याने फुलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेले त्या दिवसाचे फुलांचे भाव.

दुसऱ्या दिवशी फूलबाजारात जाऊन मी आडत्याला गाठलं. "भाऊ, दादाला चिडवलंस ते चुकीच्या माणसाला चिडवलंस," म्हणालो, आणि खरी हकिकत सांगितली. तो आधी हसला, मग स्वतःचा कान पकडला, आणि मग पुन्हा हसला.

"काका, मग तर तुम्हाला दुप्पट चिडवायला लागेल."

"चिडव. पण उद्याच्या भावाखाली हे टाक." मी चार ओळी लिहून नेल्या होत्या. दवबिंदू एकही नव्हता. मागच्या अधिकात झेंडू अण्णाने नाही, त्याच्या धाकट्या भावाने, म्हणजे मी चुकवला. अण्णाने बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. सविस्तर वाचायचं तर इथे.

सकाळी गटावर शेवंतीचा भाव, गुलाबाचा भाव, झेंडूचा भाव आणि त्याखाली मी. इतके योग्य वाचक माझ्या लेखाला कधी मिळाले नव्हते. एकाने शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं, एकाने लिहिलं, 'सायेब, पेन्शन चालू हाय ना?' बाकी शांत. दिवसभर मी फोन खिशातून काढत होतो आणि ठेवत होतो.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. मागे गलका चालला होता.

"कुठंयस?"

"घरी."

"मग घरी काय करतोस? इथं ओटा भरलाय. साखर संपली. येताना घेऊन ये, तुझ्यामुळं संपली. आणि चांगली पिशवीभर आण."

मी रिक्षाने गेलो. ओट्यावर सगळे होते, आडत्यासुद्धा. मला पाहताच एकजण सरकून जागा करत म्हणाला, "या काका, या. आधी तुम्ही तारीख सांगा. म्हणजे आम्ही तेवढी सोडून लावू."

ओटा हसून हसून गदगदला. त्यात सगळ्यात मोठा आवाज दादाचा होता. मी साखर वहिनीकडे दिली आणि घोंगडीच्या कडेला बसलो. दादाने खिशातून पंचांग काढलं, चष्मा लावला, उगाच दोनदा पानं उलटली. त्याला तारीख पाठ होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्याने ती सांगितली, सगळ्यांनी मान डोलावली, आणि एकाने माझ्याकडे बोट करून विचारलं, "यांना परत विचारून घ्या, ऐकलं का म्हणून."

मी तारीख मोठ्याने म्हणून दाखवली. बरोबर निघाली.

उठायच्या वेळी दादा म्हणाला, "हे पण लिही तुझ्या त्या ब्लॉकवर. आजचं."

"लिहितो."

"पण टाकायच्या आधी मला वाचून दाखव. आणि यात मी पळत नाय, हे ध्यानात ठेव."