देवाचा की आपला?

रिक्षा स्टँडवर दिवसभर बसलं की किस्से आपोआप साठतात. आमच्या रत्नागिरीच्या स्टँडवरचे बहुतेक हॉर्नचे, आणि त्यातले निम्मे माझ्यावर! माझा डावा कान गेलाय ना. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही.

*

दोन कानवाल्यांचं तरी काय? जांभा कापून रस्ता काढलाय, तिथे सायरन वाजला. आमच्या स्टँडवरच्या सुरेशने रिक्षा डावीकडे घेतली, बबनने उजवीकडे, मी मधेच उभा. अँब्युलन्स खालच्या रस्त्याने केव्हाच निघून गेली होती!

बबन म्हणाला, "त्या दरडीनंच बोंब मारलीन!"

*

आमच्या आळीतले मास्तर हेल्मेट घालून स्कूटरवर चालले होते. मागून कोणीतरी पीं-पीं करतंय म्हणून कडेला थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी वैतागून सुरेशला म्हणाले, "अरे, त्याला सांग ना पुढे जायला!"

सुरेशने वाकून मास्तरांच्याच स्कूटरचा इंडिकेटर बंद केला.

*

माझी खरी पंचाईत उतारावरच्या देवळापाशी. तिथे प्रत्येक ड्रायव्हर देवाला हॉर्न देतो. मग मागचा हॉर्न देवाला की मला?

बायको मासे विकायची. रोज सकाळी टोपली घेऊन माझ्याच रिक्षात मागे बसायची. मी विचारायचो, "देवाचा की आपला?"

"देवाचा. चला!" नाहीतर, "आपला हो, डावीकडे घ्या!" हॉर्न सुरेशचा असला तर बाहेर हात काढून हलवायची. एकदा म्हणाली, "दोघांचा!" मी रिक्षा थांबवून हातच जोडले.

*

गेल्या वर्षी ती गेली. मुलगी मुंबईहून फोन करते, "बाबा, एका कानावर किती दिवस चालवणार? विका आता रिक्षा." तिचं खरं आहे. पण घरी बसून करू काय? घर खायला उठतं.

*

परवा सकाळी देऊळ मागे टाकलं आणि हॉर्न वाजला. रिक्षा रिकामी, तरी तोंडातून गेलंच, "देवाचा की आपला?"

मी रिक्षा कडेला घेऊन थांबलो. मागे सुरेशची रिक्षाही थांबली.

"जा की पुढे!" मी ओरडलो.

"मला काय घाई नाय. तुमी चला."

"मग हॉर्न कोणाला दिलास? देऊळ तर मागे राहिलं!"

सुरेश माझ्या मागच्या सीटकडे बघत होता.

"वयनीला," तो म्हणाला.