तोंडानं आवाज काढून दाखवा

प्रत्येक गॅरेजच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा असतो. गाडी खोलून पुन्हा जोडली की एखादा नट, एखादा वॉशर हमखास उरतो. कुठला ते कुणाला आठवत नाही, गाडी तर चालू झालेली असते, मग तो डब्यात जातो. किस्से तसेच साठतात. दिघ्याला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला आमचं गॅरेज होतं. तिथला माझा डबा चांगलाच भरलाय. चहाच्या टपरीवर मी तो कितीदा रिकामा केला आणि लोक पोट धरधरून हसले!

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी लबाड ठरेन. हे सगळे किस्से कांबळे मिस्त्रींचे. डिझेल गाडीचा आवाज ओळखण्यात त्या रस्त्यावर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक करंजाड्यापासून गाड्या घेऊन यायचे. आणि कांबळे मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं. अजिबात! हे मला सहा वर्षांनी कळलं. मी त्यांचा पार्टनर, रोज त्यांच्यासमोर बसून जेवणारा.

*

त्यांची पद्धत अशी. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, गाडी आवाज करते." मिस्त्री हात पुसत पुसत अगदी त्याच्या तोंडासमोर येऊन उभे राहायचे.

"कसा? तोंडानं काढून दाखवा."

मग चांगली बापई माणसं भर रस्त्यात खडखड, टकटक, फुरफुर करायची. केमिकल कंपनीतल्या एका टायवाल्या साहेबांनी आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून घेतलं आणि हळूच म्हणाले, "कुईं कुईं."

"बेल्ट," मिस्त्री म्हणाले. बेल्टच निघाला!

एकदा एक हवालदार आले. मिशा अशा की खालचा ओठसुद्धा दिसू नये. त्यांनी एकदा आवाज काढला, दोनदा काढला, तिसऱ्यांदा जरा रागानंच काढला. मिस्त्री पुढे पुढे सरकत चाललेले. शेवटी म्हणाले, "साहेब, मिशी वर करा."

सगळं गॅरेज गार पडलं. पण हवालदारांनी खरंच दोन बोटांनी मिशी वर धरली आणि म्हणाले, "घर्रर्र!"

"क्लच प्लेट."

जाताना हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "काय हो सावंत, मिशीचा आणि क्लचचा काय संबंध?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आवाज गाळून येतो ना, साहेब!"

*

बाकीचे मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरतात. कांबळे मिस्त्री मूठ दातात धरायचे. डोळे मिटून, दात घट्ट आवळून उभे. नवीन ड्रायव्हर बघतच राहायचा.

"मिस्त्री, इंजिन खाताय की काय?" असं एकानं त्यांच्या खांद्याला हात लावून विचारलं.

मिस्त्रींनी मूठ तोंडातून काढली. "चव बघतोय. तिसरा नोझल आंबट लागतोय."

तिसरा नोझल खोलला. खराब! महिन्याभरात समोरच्या गॅरेजातले दोघं स्क्रूड्रायव्हर चावायला लागले. एकाच्या दाढेचा तुकडा पडला.

लातूरकडून आल्यावर मिस्त्रींनी एका कंपनीत नऊ वर्षं बॉयलरवर काढली होती. तिथंच कान गेले. पण दातांतून, हाडांतून आवाज डोक्यात पोचतो, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं. मी त्याला स्टाइल समजत होतो.

*

एके दिवशी मिस्त्री रस्त्याच्या कडेला उभे राहून एका जीपचा टायर बघत होते. मागून टँकर आला, हॉर्नवर हॉर्न. मिस्त्री ढिम्म. टँकर वीतभर अंतरावर येऊन थांबला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन शिव्या देत होता. मिस्त्रींनी वळून क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"भाऊ, हॉर्नचं कनेक्शन बघून घ्या. वाजत नाही तुमचा."

ड्रायव्हर खाली उतरून खरंच वायर तपासायला लागला! आमच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. त्या दुपारी मिस्त्री जेवले नाहीत. मला वाटलं, पित्त झालं असेल.

*

आता हसूराम. हा सानपाडा गावातला. शेती आणि मिठागर दोन्ही नव्या शहरात गेलं, आणि त्याच्याकडे एक जुनी पिकअप आली. मूळची पेट्रोल जीप, मागून कापलेली, वर कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं. वाशीत ज्या बिल्डिंगी उठत होत्या, तिथं तो विटा आणि रेती टाकायचा. "माज्याच शेतावं माजीच गारी मना वजन न्यायला लावते," असं म्हणून हसायचा. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. ती पिकअप हेच त्याचं शेत.

त्या गाडीनं आम्हाला दर महिन्याला नवा आवाज दिला. आणि तो काढून दाखवायला हसूराम बायकोला घेऊन यायचा. जनाबाई पुढच्या सीटवरून उतरायची, मिस्त्रींच्या समोर कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, आणि भलंमोठं तोंड उघडून, एकेक अक्षर सुटं करून आवाज काढायची. "घूं... ऊं... ऊं... म!"

"मागचं बेरिंग. डावीकडचं," मिस्त्री म्हणायचे. कधी चूक नाही.

"वहिनींना गॅरेजात ठेवून घ्या, सावंत," मिस्त्री मला म्हणाले. "असा आवाज कुणाला काढता येत नाही."

मी जनाबाईची नक्कल करायचो. मोठं तोंड करून, डोळे वटारून. टपरीवर फार चालायची ती नक्कल.

*

त्या दिवशी हसूराम एकटाच आला. जनाबाई भाचीच्या लग्नाला माहेरी गेलेली. गाडी विटांनी गच्च भरलेली, त्यालाही लग्नाला पोचायचं होतं म्हणून खेप उरकायची घाई. खाली उतरला, एका गालात पान.

"मिस्त्री, गारी टन टन करते."

मिस्त्रींनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग गाडीच्या मागच्या बाजूला, विटांकडे.

"करणारच! टन कमी भरा, आपोआप बंद होईल."

मी हसलो. समोरचा टपरीवाला हसला. हसूरामसुद्धा हसला. त्याला वाटलं मिस्त्रींनी कोटी केली, आणि कोटी करताहेत म्हणजे काळजीचं काही नाही. "बरं, उंद्यापासना कमी भरतंय," म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

आता नीट ऐका. त्या गावांच्या बोलीत ण नाही. पाण्याला पानी, कोणाला कोन. हसूराम सांगत होता, गाडी टण टण करते. लोखंडावर लोखंड. मिस्त्रींना ओठांवर दिसला तो टन. त्यांनी वजनाचा अर्थ घेतला, त्यांची काय चूक? पण मी दहा वर्षं त्या लोकांत राहत होतो. हसूरामच्या तोंडातला टन म्हणजे टण, हे मला झोपेतसुद्धा कळलं असतं. कळलंही होतं. पण कोटी इतकी झकास जमली होती की मी तिला हात लावला नाही.

पुढच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंग-पाट्याचं मुख्य पान तडकलेलं होतं, टण टण त्याचीच. तुर्भ्याच्या पुढे एका खड्ड्यात ते तुटलं, चाक आडवं झालं, आणि गाडी रस्ता सोडून खाडीच्या बाजूच्या चरात गेली. विटा पुढे आल्या. हसूराम जागीच गेला.

*

स्मशानातून परत आल्यावर मिस्त्री गॅरेजात बाकड्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो तसाच बाजूला ठेवून ते म्हणाले, "सावंत, मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली."

मी विचारलं, "मग हे सगळं?"

"तोंडं बघतो. हातानं धडधड कळते. उरलेलं दातानं."

"मला का नाही सांगितलं?"

"बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणील? घरी पाच माणसं खाणारी हायेत." मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "काय म्हणला होता तो? तुमी तर ऐकलं असंल."

मी सांगितलं. टण. तोंड मोठं करून सांगितलं, म्हणजे ओठ नीट दिसतील. मिस्त्रींनी मान हलवली आणि विचारलं, "मग तुमी का हसले?"



त्यानंतर मिस्त्री गॅरेजात यायचे, पण ऑइल बदलायचे, पंक्चर काढायचे, बस. आवाजाची गाडी आली की "समोर न्या" म्हणायचे. तो स्क्रूड्रायव्हर खिळ्याला टांगलेला, कुणी हात लावत नव्हतं.

*

दोनेक महिन्यांनी दुपारी एक ट्रॅक्टर आला. त्याच्यामागे दोरखंडानं बांधलेली हसूरामची पिकअप. टप चेपलेला, काच नाही. ट्रॅक्टरवरून जनाबाई उतरली. मी पुढे झालो.

"दीर चालवनार हाय," ती मला म्हणाली. "नीट करून द्या."

मी म्हटलं, "वहिनी, समोरच्या गॅरेजात चांगला माणूस..."

"समोरच्याकडं न्यायची असती त समोर नेली असती."

ती सरळ मिस्त्रींच्या पुढे जाऊन उभी राहिली. मिस्त्री टायरवर बसलेले, मान खाली. तिनं त्यांच्या खांद्याला बोट लावलं. त्यांनी वर बघितलं.

"मना पयल्या दिसापासून ठावं व्हतं," ती मोठं तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "माज्या सासऱ्याचे कान खानीतल्या सुरुंगानं गेलेले. त्याच्यासंगती अशीच बोलायची मी. तुमच्यासंगती पन म्हनून बोलायची."

मी त्या तोंडाची नक्कल करून किती चहा फुकट प्यायलो होतो, ते मला आठवलं. तिथून पळून जावंसं वाटलं.

"आमच्या यांना बी मी सांगितलं नाय," जनाबाई म्हणाली. "म्हनलं, मी असतेच ना गारीत."

जनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग ती पुन्हा बोलायला लागली, पण या वेळी आवाज न काढता. नुसते ओठ. बराच वेळ बोलली. मिस्त्री एकटक बघत होते. मध्येच त्यांनी नाही नाही अशी मान हलवली. तिनं तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, ओठांवरून एवढंच मला कळलं की तेच आहे.

मी हातभर अंतरावर उभा होतो. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. माझे दोन्ही कान शाबूत, आणि मला काही ऐकू आलं नाही.

"बरं, वहिनी," मिस्त्री म्हणाले. त्यांनी खिळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढला, पिकअपखाली गोणपाट अंथरलं आणि आडवे झाले.