टॉवेल वजा केल्यावर

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या अण्णांना सगळा बाजार ओळखायचा आणि शक्यतो टाळायचाही. दुकानात शिरले की नमस्काराआधी त्यांचा डोळा काट्यावर. सासुरवाडीला पहिल्यांदा गेले तेव्हाही चहाआधी स्वयंपाकघरातला काटा उघडून बसले होते, असं बायको अजून सांगते.

सून दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिला मुलगा पाच वर्षांचा, त्याला ऑटिझम. त्याच्या वेळी तिने कळा कमी व्हाव्यात म्हणून पाठीत इंजेक्शन घेतलं होतं, आणि या दोन गोष्टींचा संबंध जोडणारं वर्तमानपत्राचं कात्रण तिच्या पर्समध्ये घड्या पडून फाटायला आलं होतं.

"या खेपेला सोसेन," ती म्हणाली. "मागच्या वेळी माझ्या आरामापायी..."

"आमच्या वेळी कुठे होती इंजेक्शनं?" सासूबाई पुटपुटल्या.

"तुझ्या वेळी दवाखान्याच्या काचा हलल्या होत्या," अण्णा म्हणाले.

मुलगा फिरतीवर, म्हणून तपासणीला सुनेबरोबर अण्णाच गेले. बाहेर परिचारिका एका तान्ह्या बाळाचं वजन करत होती.

"सिस्टर, टॉवेल वजा केलात?"

"काका, टॉवेल असून असून कितीचा असणार!"

अण्णांनी तो वेगळा ठेवायला लावला. बाळ दीडशे ग्रॅमने उतरलं. त्याची आई हिरमुसली. अण्णांची नजर मात्र सुनेच्या पर्सकडे गेली.

आत गेल्यावर त्यांनी सुनेकडून कात्रण मागून घेतलं. "डॉक्टरीणबाई, इंजेक्शनाबरोबर यात टॉवेल कुठला कुठला मोजलाय?"

टॉवेलचा उलगडा झाल्यावर डॉक्टरीणबाई हसल्या. इंजेक्शन घेणाऱ्यांत पहिलटकरणी जास्त, लांबलेली, अडलेली बाळंतपणं जास्त, म्हणाल्या. असं सगळं वेगळं काढलं की मुलांतल्या ऑटिझमच्या प्रमाणात फरक अगदी थोडा उरतो. काही अभ्यासांत उरतच नाही. इंजेक्शनाने ऑटिझम होतो, हे सिद्ध झालेलं नाही.

"म्हणजे नाहीच होत?" सुनेने विचारलं.

"शंभर टक्के शब्द मी कशाचाच देत नाही. पण पाच वर्षं दोष उरावर घेऊन फिरावं, असं त्यात काही नाही."

सुनेने कात्रण परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "आयत्या वेळी ठरवलं तर चालेल?"

"चालेल. फक्त फार उशीर करू नका."

महिन्याभराने कळा सुरू झाल्या. दोनेक तासांत तिने स्वतःच इंजेक्शन मागितलं. थोड्या वेळाने आतलं तिचं ओरडणं थांबलं, तशा बाकावरच्या सासूबाई ताठ झाल्या.

"घेतलं का हो तिने?"

"घेतलं," अण्णा म्हणाले आणि बोलणी ऐकायच्या तयारीने बसले.

"बरं केलं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याच्याने ऐकवत नव्हतं."