बंद केलेल्या भाषेतली पाणीपाळी

बंद पडलेल्या वस्तूशी इतक्या इमानानं वागणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा नसेल. माझे थोरले मामा कारखान्यात नोकरीला असताना प्रोग्रामिंगची एक भाषा शिकले आणि तेवढ्या एका भाषेवर जन्म काढायचं त्यांनी ठरवून टाकलं. पुढे ती काढणाऱ्या कंपनीनंच ती बंद केली. नव्या संगणकावर ती चालत नाही, तिची पुस्तकं रद्दीतही मिळत नाहीत, अडलं तर विचारायला माणूस नाही. हे सगळं मी मामांना पोटतिडकीनं सांगते आणि ते चहाची बशी खाली ठेवत म्हणतात, "बंद कंपनीनं केली. मी कुटं केली?" मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. ज्याचं कुलूप दुसऱ्याच्या हातात ते घर आपलं नव्हे, असलं काहीबाही मी शाळेत असताना भिंतींवर रंगवलंय. आणि मालकानं कुलूप लावून किल्ली धरणात फेकलेल्या घरात माझेच मामा सुखानं राहतात!

मामांचं गाव पवनानगरच्या पलीकडे. तिथे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते, म्हणून जून लागला की त्यांचा संगणक लाकडी कपाटात जातो आणि आत ऊब राहावी म्हणून पिवळा बल्ब दिवसरात्र जळतो. त्याच कपाटात मामीचे पापड आणि कुरडया. एकदा पापड काढताना मामीनं सवयीनं बल्ब विझवला, तर मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पापडही खाल्ले नाहीत. लोणावळ्यातल्या भंगारवाल्याला त्यांनी सांगून ठेवलंय, त्यामुळे जुनाट संगणक आला की तो मला फोन करतो, "ताई, मामांसाठी स्थळ आलंय." आणि मी, जुन्या तंत्राची कट्टर विरोधक, ते धूड जीपमध्ये मांडीवर घेऊन जाते. प्रिंटरची फीत वाळली की मामा ती शिक्क्याच्या शाईनं ओली करतात. गावात ज्याची बोटं जांभळी, तो मामांकडून यादी घेऊन आला असं खुशाल समजावं.

यादी म्हणजे पाणीपाळीची यादी. धरणातलं पाणी पंपानं टाकीत चढतं, तिथून चारीनं, म्हणजे छोट्या पाटानं, शेतांत उतरतं, आणि उन्हाळ्यात कुणाचा नंबर कधी हे मामांचा प्रोग्राम ठरवतो. या माघात गावाच्या पाणीवाटप संस्थेच्या अध्यक्षांनी मला गाठलं. "मामांच्या माघारी ते डबडं कोन चालवनार? तू फोनवर चालंल असं काय तरी कर." मी तर वाटच पाहत होते! संस्थेच्या नियमांची वही समोर घेऊन तीन आठवड्यांत मी नवा प्रोग्राम लिहिला. कुणीही उघडावा, वाचावा, सुधारावा असा. मग मामांची यादी आणि माझी यादी शेजारी ठेवली आणि मला आनंदच झाला. मामांची यादी चक्क उलटी होती. वहीत लिहिलंय, पाणी चारीच्या तोंडापासून क्रमानं द्यावं. मामांचा प्रोग्राम शेवटापासून देत होता.

"मामा, वीस वर्षं चुकताय तुम्ही!"

"चुकत न्हाई. तसंच लिवलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चारीच्या शेवटाला ठाकरवाडीची वीतवीतभर वावरं आहेत. पहिले दोन उन्हाळे तोंडाकडच्या मोठ्या शेतांनीच पाणी संपवलं आणि वाडीची गवार उभी वाळली. तिसऱ्या वर्षी मामांनी एक ओळ बदलली. लोक विचारायला आले तेव्हा म्हणाले, कंपूटर असाच मोजतो. त्यांची ती भाषा दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हती. प्रश्न मिटला.

मी संतापले. मामांवर की स्वतःवर, ते आजही सांगता येत नाही. पाण्याच्या हक्कावर पत्रकं मी लिहिली होती आणि माझ्याच यादीत वाडी शेवटी गेली होती. तरी मी म्हणाले, "न्याय असा लपवून करायचा नसतो, मामा. नियमच उघड बदलून घ्या."

"उघड केला की हात मोजत्यात, बाय. वाडीचे हात कितीक?"

बैठकीत अध्यक्षांनी दोन्ही याद्या दाखवून विचारलं, "खरी कुठली?" मी वही पुढे ओढली. तेवढ्यात मामाच उठले. "वहीपरमानं पोरीची खरी. माझी मी मुद्दाम उलटी केली."

एकच गलका झाला. तोंडाकडचा एक शेतकरी ओरडला, "म्हंजी वीस वर्सं आमाला फसवलंत?"

"व्हय, फसवलं. आता सांग, तुजं वावर कंदी वाळलं?"

तो खाली बसला. शेजारचा हसला. वाडीची एक मावशी म्हणाली, "आमी त्या डबड्याला देवमानूस समजत व्हतो. दसऱ्याला झेंडू वाहायचो की वो!" मग हात मोजले गेले, वाडीच्या जोडीला तोंडाकडचेही काही हात वर आले, आणि शेवटापासून पाणी हा नियम थोडक्या मतांनी का होईना, मंजूर होऊन वहीत चढला. आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्या बंद भाषेची गरज संपली होती. क्रमाची ओळ उलटी करून प्रोग्राम माझा लागू झाला.

पण दर पाळीला मामा आपल्या संगणकावर यादी काढतात आणि चष्मा लावून माझ्या यादीशी नाव न् नाव ताडून पाहतात. मी समोर बसून चिडते. परवाच्या पाळीला वाटलं, मामांना सापडावी पण कुणाला तोशीस पडू नये, अशी एखादी चूक मुद्दाम ठेवावी का? ठेवली नाही. तत्त्वात बसत नाही. मामांनी सावकाश शेवटच्या नावापर्यंत बोट नेलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बराबर हाये." बरोबर असण्याचं इतकं वाईट मला आजवर वाटलं नव्हतं.